शंकासुर मनोऱ्यावर चढतो

आबांना सगळे पाठीमागे शंकासुर म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. फक्त सुरुवात कुणी केली, याचा तपास अजून चालू होता. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरची गोळी, शेजाऱ्याचं हसू, सगळ्यातच त्यांना काहीतरी काळंबेरं दिसे. निवृत्तीनंतर जावयाने खटपट करून त्यांना तो स्वतः काम करी त्या रानातल्या मनोऱ्यावर पहारेकरी म्हणून चिकटवलं, तर त्यांनी लेकीला विचारलं, "यात ह्याचा काय फायदा?"

मनोरा झाडांच्या शेंड्यांहून उंच. टोकाला वारा मोजायचं यंत्र, खाली चौकीत वाऱ्याची रेघ दाखवणारा पडदा. पडद्यावरची रेघ दिवसभर थयथयाट करी. पण ऊन कललं आणि जावई यंत्र पुसायला वर गेला, की रेघ मलूल. रोज! यंत्र बंद करून हा वर लोळतो, याबद्दल आबांना तिळमात्र शंका उरली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

उद्या साहेब पाहणीला येणार होते. सांगावं तर जावयाची नोकरी जाणार, लेक उघड्यावर पडणार. न सांगावं तर आपणही त्या लबाडीत सामील. त्यापेक्षा आधी रंगेहाथ पकडू, असं त्यांनी ठरवलं.

जेवणानंतर जावयाचा डोळा चुकवून ते वर चढले. वर हवा नुसती उसळत होती. सदरा फडफडत होता, मनोरा कुरकुरत होता. कठडा कवटाळून, जीव मुठीत धरून ते बसून राहिले. मग ऊन उतरलं आणि उसळी हळूहळू ओसरली. शेंड्यावरची पानं हलेनात, यंत्राच्या वाट्या फिरता फिरता थांबल्या. आणि जावई? तो अजून खालीच होता, कंबरेला सुरक्षेचा पट्टा बांधत. आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावयाने वर पाहिलं आणि भराभर शिडी चढून आला. "आबा! पट्ट्याशिवाय? कशाला चढलात?"

"तुला पकडायला," आबांनी सांगून टाकलं. रेघेचंही सांगितलं.

जावई म्हणाला, "रान तापलेलं असतं तोवर हवा उसळते, आबा. ऊन कललं की निवते. म्हणून तर मी तेव्हा चढतो. विचारायचंत ना मला." त्याला लागलं होतं, ते दिसतच होतं. तरी त्याने स्वतःचा पट्टा सोडून आबांना बांधला. "चला, सावकाश उतरा. माझ्यावर विश्वास ठेवा."

"मुळीच नाही!" आबा ओरडले. "पट्टा एकच. तुझ्या कंबरेला काय?"

"मला सवय आहे."

"सवयीचा काय भरवसा?" त्यांनी जावयाचं मनगट घट्ट धरलं. "घरी फोन लाव. चौकीत येऊन दुसरा पट्टा वर ओढायच्या दोरीला बांध म्हणावं माझ्या लेकीला. तोवर मी तुला उतरू देणार नाही."