पुढे गेलेली बॅग

श्रीलंकेच्या त्या सहलीत आम्ही चौदा जण होतो. बसमध्ये सीटा त्याहून जास्त होत्या, पण मागच्या ओळीत तांदळाचं पोतं, शेगडी आणि दोन मोठे कुकर ठेवलेले असत. परदेशातही रोज दुपारी गरम वरण-भात देऊ, असं आमच्या सहलवाल्याने आमच्या शहरात, औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात कबूल केलं होतं आणि तो शब्द त्याने पाळला. स्वयंपाकी बरोबर होता. फक्त डाळ शिजेपर्यंत बस एखाद्या झाडाखाली उभी राहायची, आणि संध्याकाळी कार्यक्रमपत्रिकेतलं एखादं ठिकाण पाहायचं राहून जायचं.

मी आईला घेऊन गेलो होतो. तिचं वय पंच्याहत्तर, गुडघे वाकत नाहीत. पाय पसरता येतील अशी पुढची सीट एकच होती आणि गारखेड्याच्या एका बाईंनाही तीच हवी होती, कारण घाटात त्यांना गाडी लागायची. टूर मॅनेजरने एक दिवस आईला, एक दिवस त्यांना असं ठरवून दिलं. तरी बाई रोज सकाळी आधी येऊन सीटवर पर्स ठेवायच्या. मी त्यांना स्पष्ट विचारलं, तर म्हणाल्या, "तुमच्या आईचे गुडघे दिसतात तरी. माझं पोट कुणाला दिसणार?"

चहाचे डोंगर पाहिले, धबधबे पाहिले. सीतेच्या देवळापाशी सगळ्यांनी हवा तेवढा वेळ घेतला. आई त्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळत पायरीवर बसली. तिची तक्रार नव्हती. ती एकाच ठिकाणासाठी आली होती: अनुराधापूरचा बोधिवृक्ष. बोधगयेच्या मूळ झाडाची फांदी फार पूर्वी तिथे नेऊन लावली, तेच हे झाड.

आमच्या वस्तीतल्या विहारात आई दर पौर्णिमेला बायकांकडून वंदना म्हणून घेते. आम्ही निघायच्या आधी त्या बायकांनी शहागंजच्या बाजारातून तिच्यासाठी पांढरी सुती साडी आणली. काठ नसलेली. ती देताना त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली होती, "आम्ही काय तिथवर येत नाय. ही नेस आन् आमच्या वतीनं बस." त्या बायकांपैकी कुणी जिल्ह्याबाहेरही फारशी गेलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी बसमध्ये कुणाची तरी घरच्या लोणच्याची बरणी फुटली आणि तेल तीन-चार जणांच्या हातातल्या पिशव्यांमध्ये उतरलं. ते पाहून आईने साडी हातातल्या पिशवीतून काढली, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली आणि मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवून कुलूप लावलं. ती बॅग रोज बसच्या पोटातच असायची.

अनुराधापूरला जायच्या दिवशी पौर्णिमा होती. पहाटे कँडीच्या हॉटेलात आईने अष्टशील घेतलं, दिवसभराचं आठ नियमांचं व्रत. त्यात दुपारी बारानंतर जेवायचं नसतं. आम्ही खोलीत वंदनेला बसलेलो असताना खाली नाश्त्याला मॅनेजरने सगळ्यांना सांगून टाकलं की आज बाजारातून भाजी, नारळ घ्यायचे आहेत, बसमध्ये जागा लागेल, म्हणून मोठ्या बॅगा छोट्या गाडीने थेट पुढच्या हॉटेलवर जातील. आम्ही पहाटेच दाराबाहेर ठेवलेली बॅगही त्यांत गेली आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. खाली आलो तेव्हा बस भरलेली होती; बॅग रोजच्यासारखी बसच्या पोटात आहे असं धरून आम्हीही बसलो.

वाटेत मसाल्याच्या बागेत दीड तास गेला. केसांचं तेल, गुडघ्यांचं तेल, वेलदोडे. बाराच्या आत मी आईला दोन केळी दिली. वरण-भात झाला तेव्हा दीड वाजून गेला होता. गारखेड्याच्या बाईंनी विचारलं, उपवास आहे का? आईने समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आपलं ताट घेऊन जरा लांब जाऊन जेवल्या.

त्या भागात तळी फार. रस्त्याच्या कडेने मैलभर नुसतं पाणी, त्यात कमळं, काठावर बगळे. आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस लक्षात ठेवावा लागतो. आई खिडकीतून पाहत राहिली आणि एवढंच म्हणाली, "लई पाणी दिलंय यांला."

पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गावभर पांढरे कपडे घातलेली माणसं, हातात फुलांची ताटं. मॅनेजरने पाऊण तास दिला. मी ड्रायव्हरकडून बसचं पोट उघडून घेतलं. आत भाजीच्या जाळ्या आणि नारळ होते.

आईला सांगितलं. ती हिरव्या नायलॉनच्या साडीत होती. मी म्हणालो, बाहेर दुकानं आहेत, पांढरी साडी आत्ता आणतो.

"साडी मिळंल रे," ती म्हणाली. "पण ती माझी व्हईल. त्या बायांची नाय व्हणार."

नुसतं बघून तरी ये, असं म्हटलं. ती म्हणाली, बघायला आले नाय मी.

बाकीचे उतरले. ती सीटवरच बसून राहिली, हात मांडीवर, आणि मी तिच्या शेजारी. भिंतीच्या वर झाडाचा शेंडा दिसत होता. पिंपळाची पानं वारा नसतानाही हलतात, तशी हलत होती. पाऊण तासाने लोक परत आले, फोटो दाखवू लागले. आमच्याकडे पाहून आवाज खाली आले.

हॉटेलवर मी मॅनेजरला सांगितलं की उद्या आम्ही दोघं कार्यक्रमातल्या त्या सिंहाच्या खडकावर चढायला येणार नाही, भाड्याची गाडी करून अनुराधापूरला परत जाऊ. त्याने सांगितलं की उद्याचे पैसे परत मिळणार नाहीत आणि बस दुपारी निघेल. मी दोन्ही कबूल केलं. मागून एक गृहस्थ हसत म्हणाले, "साडीसाठी सत्तर किलोमीटर?"

आईने वळून पाहिलं नाही. "तुमी दगड चढायला किती लांबून आलात, भाऊ?"

सगळे जेवत होते, आई नुसती बसली होती. गारखेड्याच्या बाई ताट न घेता तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"मावशी, उद्या माझं एक फूल वहाल?"

"वाहते की. कुणासाठी?"

"धाकटा मुलगा. दोन वर्षं झाली."

सहलीत कुणालाच हे माहीत नव्हतं. आईने त्याचं नाव विचारलं आणि एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

पहाटे अंधारातच निघालो. तळ्यांवर धुकं होतं. आदल्या दिवशीची गर्दी गेलेली होती आणि झाडाभोवतीच्या अंगणात दोघं जण वाळू झाडत होते. वाळू गार होती. आई पांढऱ्या साडीत होती. घड्यांच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. खाली बसता येईना, म्हणून मी तिला कठड्याला टेकवून उभं केलं आणि फुलांचं ताट हातात धरलं. त्रिसरण-पंचशील म्हणून झाल्यावर तिने एकेक फूल उचलून वाहायला सुरुवात केली. प्रत्येक फुलाला एक नाव. विहारातल्या बायका मी ओळखतो. त्या झाल्या. मग ज्या वारल्या त्यांची नावं आली, काही मी लहानपणी ऐकलेली. वडिलांचं आलं. फुलं कमी पडली, मी बाहेर जाऊन आणखी आणली. शेवटचं तिने त्या मुलाच्या नावाने वाहिलं. नाव अडखळलं नाही.

बस निघायच्या आत परत पोहोचलो. त्या दिवशी पुढची सीट आईची होती. बाई तिथे बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. आईला पाहून त्या उठू लागल्या.

"वाहिलं?" त्यांनी विचारलं.

"वाहिलं. पांढरं कमळ व्हतं."

आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि सीटांना धरत धरत मागे गेली. नियमाने सीट तिची होती. तिच्या पायाखाली मी नारळाचं रिकामं खोकं सरकवलं आणि बस निघाली.