पोटाला मार्जिन नाही

आमच्या शिलाईच्या दुकानात कुठेही न लिहिलेला एक नियम आहे: स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. सासऱ्यांनी घालून दिलेला. ते म्हणायचे, आकडा बघायला माणूस मान खाली घालतो, मान खाली गेली की खांदा सुटतो, आणि पोट तर काय, प्रत्येकजण आत ओढतोच. मग कपडा बिघडतो आणि शिंप्याचं नाव जातं.

सासरे गेल्यावर आमच्या मास्तरांचं माप घ्यायला कोणी उरलंच नाही. मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही म्हणते. दर दोन वर्षांनी स्वतःची पँट शिवताना ते मागच्या पँटवर अंदाजाने एक बोट वाढवायचे. अशी बोटं वाढत वाढत बावीस वर्षं गेली. मी काजं-बटणं करते, त्यामुळे त्यांचं बटण कुठे कुठे सरकत गेलं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्यात दिवसभर मशीनवर वाकून बसायची सवय. लहानपणापासूनची. सासरे येता-जाता लाकडी पट्टीने त्यांच्या पाठीवर टकटक करायचे, "सरळ बस रे, छाती काढ." मास्तर तेवढ्यापुरते सरळ व्हायचे आणि पट्टी लांब गेली की पुन्हा वाकायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते इतके किरकोळ होते की शर्ट हँगरला लावलाय की अंगात आहे, असा प्रश्न पडावा. नंतर वाढले ते सगळे पुढच्या बाजूला.

हे सगळं सांगायचं कारण आमची बॉबिन. ही आमची मुलगी. रांगायला लागली तशी एका जागी ठरायची नाही, मशीनच्या बॉबिनसारखी गरागरा फिरायची, म्हणून आजोबांनी नाव ठेवलं ते चिकटलं. कपडे बेतायचं दोन वर्षांचं शिक्षण पुरं करून ती घरी आली आणि म्हणाली, नोकरी करणार नाही, आपलंच दुकान चालवणार. मास्तरांना असा आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या पँटला तीन खिसे लावले. ठरलं असं, की तीन महिन्यांनी नवी पाटी लावायची, पाटीवर तिचं नाव लिहायचं, आणि सासऱ्यांची मोठी कैची मास्तरांनी तिच्या हातात द्यायची.

"बाबा, त्या दिवशी तू आजोबांचा कोट घाल," बॉबिन म्हणाली. "मला आजोबा आठवत नाहीत. निदान त्यांचा हात तरी तिथे असू दे."

हा कोट म्हणजे सासऱ्यांनी कापलेलं शेवटचं कापड. राखाडी लोकर, मास्तरांच्या मापाची. बॉबिन तेव्हा सहा महिन्यांची होती. त्यानंतर चार महिन्यांत सासरे गेले. कोटाची काजं मी केलेली, माझी पहिलीच काजं, आणि त्यातलं दुसरं तिरकं आहे. मी रडकुंडीला आले होते तेव्हा. सासरे म्हणाले, "असू दे पोरी, राहू दे तसंच. उद्या तुझं काम ओळखू तरी येईल."

कपाटातून कोट काढला, मास्तरांनी घातला. बटण आणि काज यांच्यामध्ये चार बोटं अंतर! मास्तर म्हणाले, त्यात काय, कुशीला मार्जिन सोडून देतो. मार्जिन म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, माणूस वाढला की उसवून सोडायचं. त्यांनी कुशीचं अस्तर उसवलं, बघितलं, आणि खुर्चीत बसले. आत काहीच नव्हतं. दोन्ही कुशी अगदी नेटक्या कापलेल्या.

"आता आठवलं. विचारलं होतं मी बाबांना, मार्जिन ठेवलंत का," ते म्हणाले. "म्हणाले होते, एवढंच होतं कापड."

"मग आता?" मी विचारलं.

"आता कोट सोडता येत नाही. मीच आत घ्यायला हवा."

आमच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये पीटीच्या बाई व्यायामशाळा चालवतात. शाळेतून निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मास्तर त्यांच्यापुढे उभे. बाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर. मग शिट्टी वाजली आणि पुढचा पाऊण तास खाली दुकानात माझ्या डोक्यावर छत हादरत होतं.

पहिला आठवडा काय विचारता! मास्तरांना जिना उतरता येईना, ते बसून एकेक पायरी उतरले. हात वर जाईना म्हणून मीच केस विंचरून दिले. मास्तर एका गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप टाकायला गेले आणि हात तिथेच अडकला, दोघं मिठी मारल्यासारखे उभे. मी हसून हसून बेजार. पण माणूस चिकाटीचा. एक दिवस चुकवला नाही. बाई वजनं उचलायला लावायच्या, बैठका काढायला लावायच्या, आणि पाठीवर थाप मारून ओरडायच्या, "मास्तर, छाती काढा!" घरी येऊन ते मला म्हणाले, "अगं, बाबांचीच आठवण येते तिथे."

महिना झाला. बाईंनी बजावलं होतं, रोज काट्यावर चढायचं नाही. मास्तरांनी तेही पाळलं. महिन्याच्या शेवटी मोठ्या तोऱ्यात मला वर घेऊन गेले. काटा थांबला साडेऐंशीवर.

"उतरून परत चढा," मी म्हटलं.

उतरले, चढले. चपला काढल्या. खिशातला खडू काढला, टेप काढली, चष्मासुद्धा माझ्या हातात दिला. साडेऐंशी.

"अहो बाई, हे काय?" मास्तरांचा आवाजच बसला. "महिनाभर घाम गाळला मी. अडीच किलो वाढलो?"

"अंग भरतंय तुमचं," बाई म्हणाल्या. "हाडाला मांस कधी चिकटलंच नव्हतं, ते आता चिकटतंय. काट्याला काय कळतंय, काय आलं आणि काय गेलं ते! टेप लावून बघा."

पण मास्तरांना वाटलं, बाई नुसती समजूत घालताहेत. खाली आल्यावर म्हणाले, "आपण नाही का गिऱ्हाइकाला सांगत, एक धुणं झालं की अंगावर बसेल? तसंच हे." मी म्हटलं, थांबा, मी घेते माप. तर भडकले. म्हणे, ह्या वयात बायकोने पोटाला टेप लावून आकडा मोठ्याने वाचायचा? काही नको. मलाही राग आला. म्हटलं, बसा मग तसेच!

व्यायाम मात्र सोडला नाही. बाईंना शब्द दिला होता. पण तोंड उतरलेलं. पाटीचा विषय निघाला की ते इस्त्री गरम करायला उठायचे. आणि मी तरी काय आंधळी, डोळ्यांपुढे सगळं घडत होतं! पट्ट्याला त्यांनी एक नवं भोक पाडलं, मग दुसरं पाडलं, आणि म्हणाले, चामडं ढिलं पडलंय. शर्टाच्या बाह्या दंडात रुतायला लागल्या तर माझ्यावर खापर, तूच गरम पाण्यात भिजवलास, आटला. कापडाचा जो गठ्ठा ते दोन वर्षं फरफटत नेत होते तो एक दिवस खांद्यावर टाकून आत गेले, आणि वर मलाच विचारतात, गठ्ठे हल्ली लहान येतात का गं? वजनाचा आकडा एकदा डोक्यात बसला की बसला. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी काट्याने एक्क्याऐंशी दाखवलं आणि त्यांनी काट्याचं नावच टाकलं.

पाटी लावायच्या आदल्या सकाळी बॉबिन म्हणाली, "बाबा, कोट घालून दाखव ना."

मी हातातली सुई खाली ठेवली. मास्तर मात्र शांतपणे मागच्या खोलीत गेले आणि कोट घालून बाहेर आले. राखाडी लोकर. बटणं लागलेली! बॉबिनने टाळी वाजवली, आणि वाजवता वाजवता थांबली. कोट पोटावर नुसता लोंबत होता. आत अजून एखादा छोटा मास्तर मावला असता. आणि खांद्यात मात्र असा आवळलेला की ते रोबोसारखे हात बाजूला धरून उभे होते.

मी जवळ गेले. दुसरं काज बघितलं. सरळ होतं. अगदी रेघेत.

"हा तो कोट नाही," मी म्हटलं.

"तोच आहे."

"माझं काज मी ओळखत नाही का? तिरकं कुठे गेलं?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. मग सगळं बाहेर आलं. दुपारी मी जरा आडवी झाले की ते मागच्या खोलीत बसून हुबेहूब दुसरा कोट शिवत होते. तसंच कापड शोधून आणलं, अस्तर शोधून आणलं. खांदा जुन्याच मापाचा धरला, कारण ह्या वयात खांदा कशाला वाढतोय? पोटाला मात्र तीन किलो वाढलो म्हणून जुन्या पँटच्या मापावर आणखी दोन इंच टाकले. तीस वर्षं गिऱ्हाइकांना "अंदाजाने शिवत नाही" म्हणून हाकलणारा माणूस, किलोवरून इंच काढून कोट शिवतो! मी अशी तोंड सोडणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि स्टूल पुढे केलं.

"तुझ्या आजोबांचा हात हवा होता ना तुला," ते बॉबिनला म्हणाले. "तो कोट मला घालता येत नाही. तुझं मन मोडायचं जिवावर आलं. चुकलं माझं, बाळा."

 बॉबिनने त्यांच्या गळ्यातली टेप काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली.

"आई, वही घे. बाबा, कोट काढ. सरळ उभा राहा. समोर बघ, खाली नाही."

"अगं, कशाला..."

"स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. घेणारी आता आहे ना? श्वास सोड."

मास्तरांनी श्वास सोडला. मी वहीत तारीख घातली. बॉबिनने टेप फिरवली आणि नुसती बघत राहिली. मग पुन्हा फिरवली.

"पोट, साडेअडतीस."

"बेचाळीस," मास्तर म्हणाले. "नीट धर."

"साडेअडतीस, बाबा! खांदा, साडेअठरा. आधी किती होता?"

मी वहीची जुनी पानं उलटली. सासऱ्यांच्या अक्षरात होतं: खांदा सतरा. मास्तर माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. आणि मला असं हसू फुटलं की पेन्सिल हातातून पडली. "अहो, पट्ट्याचं चामडं ढिलं झालं ना!" बॉबिन तर त्यांच्या गळ्यातच पडली. वरून बाईंची शिट्टी ऐकू आली, जणू त्यांनाही कळलं होतं.

कपाटातून खरा कोट आला. मास्तरांनी डोळे मिटून बटण लावलं. माझ्या तिरक्या काजात ते अलगद बसलं. पण आनंद धड क्षणभरही टिकला नाही, कारण पाठीवर कापड ताणलं. हात वर करायला गेले तर शिवण कुरकुरली.

"घ्या," मास्तर म्हणाले. "पोट गेलं तर खांदे आले. आता इथे तरी कुठून असणार मार्जिन? कापडच नव्हतं त्यांच्याकडे."

"उसवून बघू," बॉबिन म्हणाली.

"काही नाही मिळायचं."

"बघायला काय जातंय?"

तिने कोट टेबलावर उपडा घातला आणि पाठीच्या मधल्या शिवणीजवळ अस्तर उसवलं. दोन बोटं आत घातली आणि थबकली. मग हळूच दुमड बाहेर काढली. एका बाजूला दोन बोटं कापड. दुसऱ्या बाजूलाही दोन बोटं. पिवळ्या दोऱ्याने घातलेले कच्चे टाके, आणि कडेने खडूची एक रेघ, कुठवर सोडायचं ते उसवणाऱ्याला कळावं म्हणून. रेघेशी सासऱ्यांच्या अक्षरात आकडा होता: साडेअठरा.

कापड कमी पडलंच नव्हतं. त्यांनी पोटाला ठेवलं नाही, खांद्याला ठेवलं.

मास्तरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग रडले, सरळ रडले, लपवलं नाही. "मी एवढासा होतो गं तेव्हा," मला म्हणाले. "काडी होतो. आणि म्हातारा माझ्यासाठी साडेअठराचा खांदा धरून बसला होता." बॉबिनने त्यांना पाणी दिलं, मला रुमाल दिला, आणि मशीनवर बसून आजोबांच्या रेघेवर शिवण घातली. ती आमच्या दुकानातली तिची पहिली शिवण.

दुसऱ्या दिवशी पाटी लावायला माणूस आला, त्याला मास्तरांनी शिडीला हातच लावू दिला नाही. स्वतः चढले. कोट घालून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन, दोन खिळे ठोकले. खाली पीटीच्या बाई, मी, गल्लीतली निम्मी माणसं. पाठीवर एक सुरकुती पडली नाही. मग खाली उतरून त्यांनी कैची बॉबिनच्या हातात दिली.

बॉबिनने लगेच वही उघडली. पहिलं गिऱ्हाईक मास्तरच, नव्या शर्टाचं कापड समोर पसरलेलं. कैची उचलून तिने विचारलं, "मार्जिन किती ठेवू, बाबा?"

"पोटाला अजिबात ठेवू नकोस," मास्तर म्हणाले. "खांद्याला ठेव. आणि मला सांगू नकोस."