वाकडी आलेली कॉपी

नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली. या धंद्याने मला एक खोड लावली आहे: माणसाचं तोंड विसरतो, पण कागद विसरत नाही. दुसरी खोड कंजूषपणाची, ती माझी स्वतःची. हर्षाली भोयेबद्दल सांगताना दोन्ही आधीच कबूल केलेल्या बऱ्या, कारण दोन्ही या हकिगतीत येणार आहेत.

हर्षाली पेठ तालुक्यातली. तिचे आईवडील, दत्तू आणि भागीबाई, द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला यायचे, तेव्हा तीही बरोबर असायची. बारावीनंतर ती कॉलेजसाठी नाशिकला आली, पंचवटीत मुलींच्या वसतिगृहात राहिली आणि दुपारचं माझ्याकडे कामाला लागली. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या डोक्यावर बसली. लोक दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आधार, पॅन, पासबुक पाठवतात. आम्ही प्रिंट काढायचो आणि ती फाइल कॉम्प्युटरवर तशीच पडून राहायची. ही पोरगी गिऱ्हाईक समोर असतानाच फाइल पुसायची आणि स्क्रीन वळवून पुसलेलं दाखवायचीसुद्धा. गर्दीच्या वेळी माझं डोकं फिरायचं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि पुढच्याचीही फाइल पुसायची.

पदवी झाल्यावर कुणाच्या सल्ल्याची वाट न बघता तिने सायबर सुरक्षेचा कोर्स केला आणि गंगापूर रोडवरच्या एका कंपनीने तिला निवडलं. इतर कंपन्यांच्या कॉम्प्युटरांत कुणी घुसतंय का, यावर नजर ठेवायची, असं ते काम. त्यांच्या पाड्यावर हे काम काय असतं ते कुणाला कळलं नाही, पण पेढे सगळ्यांनी खाल्ले. मला तिचा अभिमान वाटला, आणि आता दुकान कोण सांभाळणार म्हणून रागही आला.

तिचा माझ्याकडचा शेवटचा आठवडा चालू असताना लंकाबाई रडत आली. लंकाबाई माझ्या पायरीशेजारी बसून भाजी विकते. तिला सायबर पोलिसांनी बोलावलं होतं. तिच्या आधारच्या झेरॉक्सवर कुणीतरी सिमकार्ड घेतलं होतं आणि त्या नंबरवरून लोकांना फसवलं होतं. लंकाबाईला आपला स्वतःचा फोन धड उचलता येत नाही.

“मी कुनाला कागद दिलाच नाय,” ती म्हणत होती. “आता गावात मला चोर म्हनत्याल.”

हर्षाली तिच्याबरोबर गेली. मीही गेलो, मुख्यतः दुकान बंद ठेवायला सबळ कारण मिळालं म्हणून. तिथल्या पोलीस मॅडम भल्या होत्या. त्यांनी सिमच्या अर्जाला जोडलेला आधारचा कागद आमच्यापुढे ठेवला आणि तो मी लगेच ओळखला. कागदावर डाव्या बाजूने वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ होती. गेल्या वर्षी माझ्या मशीनच्या ड्रमवर, म्हणजे आतल्या रुळावर, चरा पडला होता, तेव्हा प्रत्येक कॉपीवर अशीच रेघ उमटायची. नवा ड्रम घेणं जिवावर आलं म्हणून मी सहा महिने तसंच रेटलं होतं. मी मान वळवून भिंतीवरच्या सूचना वाचू लागलो.

हर्षालीने तो कागद उचलून कडेपर्यंत नीट पाहिला. मग तिने मॅडमना सांगितलं, की ही कॉपी आमच्या दुकानातली आहे, पण लंकाबाईंना दिलेली नाही. कॉपी वाकडी आली होती आणि आधार क्रमांकाचे शेवटचे आकडे जेमतेम कडेवर राहिले होते. अशी कॉपी कुठलंच गिऱ्हाईक घेत नाही. ती काउंटरखालच्या खोक्यात जाते आणि खोकं भरलं की रद्दीत, तिथून कुणाच्याही हातात. फाइली पुसणाऱ्या या मुलीला आणि मला कागदाचं मात्र कधी सुचलंच नव्हतं. वाया गेलेला कागदसुद्धा विकायचा, हा माझ्या दुकानाचा नियम. पलीकडचा भेळवाला त्याच रद्दीचे पुडे बांधतो, हे मला ठाऊक होतं. कुणाच्या तरी आधारवर मी स्वतः भेळ खाल्ली आहे.

“रद्दी कोण देत होतं?” मॅडमनी विचारलं.

“मी,” हर्षाली म्हणाली. “दर शनिवारी मीच देत होते.”

बाहेर आल्यावर मी तिच्यावर भडकलो. सोमवारी तिला कंपनीचा फॉर्म भरून द्यायचा होता आणि त्यात एक प्रश्न होता: कुठल्या पोलीस तपासात तुमचं नाव आलं आहे का? मी तिला बजावलं, की जबाब अजून लिहून दिलेला नाही, रद्दी मी देत होतो असं सांगू, तुझं नाव मध्ये येणारच नाही. तेवढी हिंमत मला तेव्हा आली, उशिरा का होईना.

“काका, माझं तिथलं कामच लोकांची माहिती सांभाळायचं आहे,” ती म्हणाली. “मग पहिलाच कागद खोटा भरू?”

तिने जबाब दिला. फॉर्मवर ‘हो’ लिहिलं आणि मागे पानभर हकिगत जोडली. लंकाबाईचं नाव त्या जबाबामुळे संशयितांतून निघालं आणि ती साक्षीदार झाली. कंपनीने मात्र हर्षालीला थांबायला सांगितलं. दोन महिने ती रोज दुपारी माझ्या काउंटरमागे उभी राहिली, मोबाइल उलटा ठेवून. त्या दिवसांत मला तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि इतकी सरळ मुलगी आपल्या दुकानात पाच वर्षं होती याचा मनातून गर्वही वाटत होता.

रद्दी मी त्याच दिवशी बंद केली होती. बादलीत पाणी ठेवलं, खराब कॉपी फाडून त्यात भिजवायची. पण सव्वीस वर्षांची सवय, हात अजून खोक्याकडे जायचा.

शेवटी कंपनीचा फोन आला. तो पानभर मजकूर वरच्या साहेबांनी वाचला होता आणि तिला सोमवारपासून बोलावलं होतं. रुजू होताना द्यायच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला ती त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिली. आनंदाच्या भरात माझ्या हातून पहिलीच कॉपी वाकडी आली. मी ती सवयीने काउंटरखाली सरकवली.

हर्षालीने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

पायरीवरून लंकाबाई म्हणाली, “दे तिचा कागद तिला.”

पाच वर्षं मी त्या पोरीचा मालक होतो. मी खाली वाकलो, कॉपी काढली आणि तिच्या हातात ठेवली. तिने ती माझ्यासमोर फाडली, बादलीत टाकली आणि तुकडे बुडेपर्यंत तिथेच उभी राहिली.