चौदा नंबरचे बाबा

जयंत निकम ड्रेस्डेनमध्ये नऊ वर्षं राहिला तो एका बॅगेच्या जोरावर. बॅग काळी, पाठीवर घ्यायची, कॅमेऱ्याची. आत दोन लेन्स, एक फ्लॅश, चार बॅटऱ्या, पुसायची फडकी, पावसात घालायचं कव्हर, आणि बाजूला पट्ट्याने बांधलेला ट्रायपॉड. सगळं मिळून नऊ किलो. एवढं ओझं कशाला, असं कुणी विचारलं की तो लेन्सचे आकडे सांगायला लागे आणि विचारणारा आपोआप सटके. खरं कारण निराळंच होतं आणि ते त्याच्या बायकोला, विभावरीला, तेवढं ठाऊक होतं. बॅग नसली की जयंतला कुठे उभं राहावं तेच कळत नसे.

माणूस तसा हुशार. नाशिकच्या सिडकोत वाढला, पुण्याला इंजिनियर झाला, आणि इथे चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात पंपांची देखभाल बघत होता. पंपाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं काय दुखतंय हे तो सांगे. माणसांचं मात्र त्याला काही केल्या उमगत नसे. कुणाच्या घरी गेलं की हात मिळवायचा की मिठी मारायची, बसा म्हटल्याशिवाय बसायचं की नाही, ‘डू’ म्हणजे तू म्हणायचं की ‘झी’ म्हणजे तुम्ही, निघताना टेबलावर बोटं ठोकून निघाले ते चिडून गेले की प्रेमाने. एकदा एका सहकाऱ्याच्या वाढदिवसाला त्याने घाबरून यजमानाच्या सासऱ्यालाच मिठी मारली होती. पण गळ्यात कॅमेरा असला की सगळे प्रश्न मिटत. फोटोवाला कोपऱ्यात उभा राहिला तरी चालतो, मध्येच घुसला तरी चालतो, तीन तास अवाक्षर बोलला नाही तरी कुणाला वावगं वाटत नाही.

कॅमेऱ्याच्या जोडीला त्याच्याकडे एक शब्द होता. समोरचा भरभर जर्मन बोलायला लागला की जयंत नंदीबैलासारखी मान डोलावून ‘गेनाऊ’ म्हणे. म्हणजे अगदी बरोबर. काय बरोबर, ते देवाला माहीत. या एका शब्दावर त्याने घर भाड्याने घेतलं, विमा उतरवला, आणि एकदा तर घराच्या जिन्याची वर्षभराची झाडलोट अंगावर घेतली. कागद आला की तो खालची रेघ शोधे आणि सही करे.

२०१६च्या फेब्रुवारीत असाच एक कागद आला. मुलगी मुक्ता दहा वर्षांची, चौथीत. हिवाळ्याच्या सुट्टीत ती रोज आल्टेनबर्गच्या डोंगरावर जाऊन आठवडाभर स्कीइंग शिकत होती. मंगळवारी संध्याकाळी ती कागद घेऊन आली तेव्हा जयंत लेन्सवर फुंकर मारत होता. मुक्ताने जर्मनमध्ये एका दमात सगळं सांगितलं. शनिवारी शेवटचा दिवस. मुलं खाली उतरून दाखवणार. आणि प्रत्येक मुलाबरोबर त्याची आई किंवा बाबा उतरणार, दोघांच्या छातीवर एकच नंबर. उतार लहान मुलांचाच असतो, ज्यांना येत नाही त्यांनाही जमतं, पडलं तरी चालतं. तू येशील ना? जयंतच्या कानात शिरलं ते एवढंच, की शनिवार आहे, कार्यक्रम आहे आणि सही हवी आहे. तो गेनाऊ म्हणाला आणि त्याने सही केली. आपल्याला फोटो काढायला बोलावलंय, अशी त्याने स्वतःची पक्की समजूत करून घेतली.

मुक्ताने मात्र दुसऱ्या दिवशी सगळ्या गटाला सांगून टाकलं, की माझे बाबा माझ्याबरोबर उतरणार आहेत. गेल्या वर्षीच्या पोहण्याच्या परीक्षेला बाबा काठावर होते, शाळेच्या नाटकाला तिसऱ्या रांगेत होते, सायकलच्या परीक्षेला झाडामागे होते, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडापुढे ते काळं यंत्र होतं. यंदा ते बरोबर असणार होते. पोरीने शनिवारची वाट अशी पाहिली की विभावरीला नवल वाटलं. तिने विचारायला हवं होतं, पण तिच्या विद्यापीठातल्या प्रयोगाला शनिवारचीच वेळ मिळालेली, ती त्या गडबडीत.

जयंतने चार दिवस अभ्यास केला. बर्फात बॅटरी लवकर मरते, म्हणून ती अंगालगत ठेवायची. बर्फाचा फोटो काळपट येतो, म्हणून उजेड थोडा वाढवून घ्यायचा. थंडीतला कॅमेरा एकदम उबेत आणला की लेन्सवर बाष्प धरतं. बर्फाचे फोटो कसे काढावेत यात तो पंडित झाला. बर्फावर उभं कसं राहावं हा विषय अभ्यासात नव्हता.

शनिवारी गाडीतून उतरून दोघं उतारापाशी पोचले तेव्हा दहा वाजले होते. मुक्ता लगेच पळाली. जयंतने जागा हेरून ट्रायपॉड उघडला, तोच शिकवणाऱ्या बाई आल्या. फ्राऊ रिश्टर त्यांचं नाव, पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. मुक्ताचे बाबा का, असं त्यांनी विचारलं. गेनाऊ. त्यांनी त्याच्या हातात एक पिवळं, बिनबाह्यांचं जाकीट दिलं. छातीवर चौदा आकडा. जयंतला आनंद झाला. टीव्हीवर मोठ्या सामन्यांत फोटोवाल्यांना असं जाकीट घालून मैदानाच्या कडेला बसलेलं त्याने पाहिलं होतं. जर्मन लोकांचं कामच शिस्तीचं, पोरांच्या कार्यक्रमालासुद्धा फोटोवाल्यांना नंबर. म्हणजे आणखी तेराजण आहेत की काय, असं वाटून त्याने जरा इकडेतिकडे पाहिलं.

मग बाईंनी त्याच्या पायाचं माप विचारलं. इथे तो थबकला. फोटोग्राफरच्या पायाचं माप कशाला? पण या देशात काय विचारतील त्याचा नेम नाही, हे त्याला नऊ वर्षांत पटलं होतं. एकदा त्याला त्याचा धर्म कर भरण्यासाठी विचारला होता. त्यापुढे पाय म्हणजे काहीच नाही. बेचाळीस, तो म्हणाला. बाईंनी प्लास्टिकचे अवजड बूट आणले, त्याचे पाय आत कोंबले, खटके बंद केले. बर्फात घसरू नये म्हणून असतील, जयंतने मनाशी म्हटलं. मग बुटांखाली स्कीच्या दोन लांब पट्ट्या बसल्या. आता मात्र त्याने आपल्या पायांकडे नीट पाहिलं. विचारावं तर आत्तापर्यंत दोनदा गेनाऊ म्हणून झालेलं. दोनदा बरोबर म्हटलेली गोष्ट तिसऱ्यांदा काय आहे म्हणून कशी विचारायची?

उतारावर जायला एक सरकता पट्टा होता, विमानतळावर सामानासाठी असतो तसा. त्याच्यावर उभं राहायचं आणि वर पोचायचं. बाईंनी जयंतला मागून धरून त्यावर चढवला. ट्रायपॉड खालीच राहिला. वर जाता जाता त्याने स्वतःची समजूत घातली, की वरून फोटो चांगले येतील, उजेड पाठीशी राहील. बाजूने एक गृहस्थ चालला होता, छातीवर नऊ आकडा. त्याच्यापुढच्या मुलाच्या छातीवरही नऊ. त्यापुढे एक बाई आणि एक मुलगी, दोघींच्या छातीवर सहा. कुणाच्याही गळ्यात कॅमेरा नव्हता.

वर मुक्ता उभी होती. तिच्या छातीवर चौदा होता.

जयंतच्या डोक्यात प्रकाश पडला तो असा, आणि प्रकाश पडल्याबरोबर त्याची पाचावर धारण बसली. खाली पाहिलं तर उतार खरं म्हणजे सिडकोतल्या एखाद्या चढाएवढाच होता. पण त्याला तो कड्यासारखा दिसला. खाली पन्नास-साठ माणसं तोंडं वर करून उभी होती. एवढ्या लोकांनी एका वेळी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. बघायचं काम त्याचं होतं.

“बाबा, बॅग काढ,” मुक्ता म्हणाली.

“फोटो कोण काढणार मग?”

“कुणीच नाही.”

हे उत्तर त्याला समजेना. आपली आई नाशिकला फोटोंची वाट बघत असेल, फोटो काढ म्हणून विभावरीने बजावलंय, चार दिवस अभ्यास केलाय, आणि कुणीच नाही म्हणजे काय? तरी त्याने बॅग काढली. काढली, पण ठेवायची कुठे? खाली ओला बर्फ. त्याने कव्हर शोधलं. कव्हर सापडलं तर त्याची दोरी गाठाळलेली. हातमोजे काढले, गाठ सोडवायला बसला. आठ, नऊ, दहा नंबर उतरून गेले. लेन्स आत ठेवावी म्हणून त्याने चेन उघडली, मग वाटलं बाष्प धरेल, म्हणून बंद केली. बारा गेला, तेरा गेला. चौदा, म्हणून पुकारा झाला. जयंत म्हणाला, एक मिनिट. पुन्हा पुकारा झाला. तो पुन्हा म्हणाला, एकच मिनिट. दोरीची गाठ तेवढ्यात सुटलीसुद्धा होती. हे मुक्ताने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे जयंतने पाहिलं.

फ्राऊ रिश्टर त्याच्यामागून वर आल्या होत्या. त्यांनी एकदा बापाकडे बघितलं, एकदा लेकीकडे, आणि आपला हात मुक्तापुढे केला. मुक्ताने तो धरला आणि दोघी निघाल्या.

आणि जयंतने काय केलं? त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. कुणी सांगितलं नव्हतं, त्याने ठरवलंही नव्हतं. हात आपले आपण वर गेले. सतरा फोटो काढले, एकसे एक. बर्फ पांढराशुभ्र, चेहरा स्वच्छ, उडालेला कणन् कण दिसावा असे. शेवटच्या फोटोत मुक्ता खाली पोचून टाळ्या वाजवणाऱ्यांकडे न बघता मागे वळून वर बघत होती. जयंतने कॅमेरा खाली केला तेव्हा त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की क्षणभर आपण कोणत्या देशात आहोत तेही त्याला सुधरेना.

वर आता तो आणि पट्टा चालवणारा म्हातारा, दोघंच उरले. या पट्ट्यावरून खाली जाता येईल का, असं जयंतने विचारलं. पट्टा फक्त वर येतो, म्हातारा म्हणाला, पायातल्या स्कीच्या पट्ट्या काढा आणि कुंपणाच्या कडेने चालत जा. जयंत वाकून खटका शोधू लागला. तो कुठून उघडतो हे काही कळेना. तो बोटांनी दाबून बघत होता, तेवढ्यात पट्ट्यावरून मुक्ता वर आली.

तिने ना रागावून पाहिलं, ना हसून. बर्फातली बॅग उचलली, त्याच्या गळ्यातला कॅमेरा तिच्यात ठेवला, ती स्वतःच्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले. बॅग तिच्या मांड्यांपर्यंत लोंबत होती. जयंत म्हणाला, जड आहे गं, दे इकडे. तिने दिली नाही. पुढची टोकं जवळ आण, टाचा लांब ने, असं म्हणून ती पुढे झाली आणि हळूहळू उतरू लागली. तो तिच्यामागे. कार्यक्रम संपला होता, खाली लोक चहाच्या टपरीकडे वळले होते, कुणाचं लक्ष नव्हतं. जयंत पहिल्या दहा पावलांत पडला. उठला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा असा बसला की उठवेना. मुक्ता कडेने चढत परत आली आणि बॅगेसकट त्याच्याशेजारी बर्फात बसली.

 जयंतला धाप लागली होती. शेवटी त्याने सांगून टाकलं. त्या दिवशी तू काय म्हणालीस ते मला ऐकूच आलं नव्हतं. मी न ऐकताच सही केली. मला माहीतच नव्हतं की मी तुझ्याबरोबर उतरायचंय.

“वाइस इश, बाबा,” मुक्ता म्हणाली. माहीत आहे मला. तिने हातमोज्याने बुटावरचा बर्फ झटकला. “म्हणून तर तू लेन्स पुसत होतास तेव्हा विचारलं. तू ऐकलं असतंस तर नाही म्हणाला असतास.”

अर्धा उतार अजून बाकी होता. जयंतने हात पुढे केला, आणि तिने ओढून त्याला उभा केला.