सत्तावन्न किलोची जागा

मी उल्हासनगरच्या कॉलेजात कुस्तीची खेळाडू म्हणून प्रवेश घेतला, तेव्हा सत्तावन्न किलोला एक ताई खेळायची. अंबरनाथची, वडील कंपनीत फिटर, वय तेवीस, एम.ए.ला. एका वजनाला कॉलेजकडून एकच मुलगी उतरते आणि माझं वजनही नेमकं सत्तावन्न. म्हणजे ती असेपर्यंत माझं काम ठरलेलं होतं. रोज सकाळी मॅटवर तिच्याशी सराव करायचा आणि आपटून घ्यायचं. मला वाईट वाटत नव्हतं. पाडल्यावर ती स्वतःच हात देऊन उठवायची आणि कुठे चुकलं ते सांगायची. शिवाय वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षानंतर ती बाहेर पडणार होती.

मग साथ आली आणि सगळंच बंद झालं. दोन वर्षं स्पर्धा नाहीत. आमच्या गावी, चामटोलीत, घरामागच्या खळ्यावर मी एकटीच दंडबैठका मारायचे. कॉलेज उघडलं तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मनातल्या मनात सत्तावन्नची जागा माझी झाली होती.

पहिल्याच आठवड्यात सरांनी सगळ्यांना मॅटवर बसवलं आणि मोबाईलवरचं विद्यापीठाचं पत्रक वाचून दाखवलं. ज्यांची वर्षं वाया गेली, त्यांना वयाच्या अटीत सूट. अजून एक वर्ष खेळता येईल, फक्त कुठल्यातरी अभ्यासक्रमाला नाव हवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ताई आली. तिने योगाच्या वर्षभराच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तिला लगीन नाय कराचा का?"

लग्न ठरलेलंच होतं. तिने ते एक वर्ष पुढे ढकललं होतं. हे ऐकून तर मला अजूनच राग आला. माझी या वर्षाची फी माफ होणार होती ती संघात नाव असेल तरच. बाबा म्हणाले, "नसलं नाव तर भरू फी, त्यात काय." पण त्यासाठी ते कंपनीत जास्तीच्या पाळ्या करणार, हे मला ठाऊक होतं.

निवड चाचणीत ताईने मला दुसऱ्या मिनिटाला चितपट केलं. हात पुढे केला. मी तो न धरताच उठले, बॅग उचलली आणि आठवडाभर सरावाला गेले नाही.

रविवारी दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. ताई उतरली. आईने पाणी दिलं, ते ती घटाघट प्यायली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं वर्ष मी घेतलं, असं वाटतं ना?"

मी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"वाटणारच. मलाही वाटलं असतं. पण माझी दोन वर्षं कोणी घेतली, ते मी कोणाला विचारू?"

मग ती आईकडे वळली. "मावशी, एकोणसाठला आमच्याकडे मुलगी आहे. पण बासष्टची सोडून गेलीय, नोकरी लागली तिला. हिला बासष्टला खेळवू. सर म्हणतात, हलकी पडेल. मी म्हटलं, दोन महिने द्या मला."

"म्हंजी वजन वाढवाचा?" आईने विचारलं.

"चार किलो तरी."

आईचा चेहरा उजळला. इतकी वर्षं मी तिला भात कमी वाढ, तेल कमी घाल, असं सांगत आले होते. त्या दिवसापासून अंडी, चिंबोरीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, दुपारी केळी आणि शेंगदाणे. सराव संपला की ताई मला कॉलेजजवळच्या सिंधी काकांच्या धान्याच्या दुकानात न्यायची आणि पोत्यांच्या काट्यावर उभं करायची. काका चष्मा वर करून आकडा वाचायचे, "तीन सौ ग्राम ऊपर, बेटा!" आणि मूठभर फुटाणे द्यायचे. मी फुटाणे खायचे आणि ताई नुसती बघत राहायची. तिचं वजन मात्र सत्तावन्नच्या आतच राहायला हवं होतं.

जड मुलींशी ताकदीने भिडायचं नाही, खाली वाकून पाय धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच तिने दोन महिने घोटून घेतलं. सरांनी बासष्टला माझं नाव लिहिलं, तेव्हा ती माझ्याआधी ओरडली.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी पहिली कुस्ती जिंकले आणि दुसरी हरले. ताई अंतिम फेरीत गेली. शेवटच्या अर्ध्या मिनिटात एका गुणाने गेली ती कुस्ती. मॅटच्या कडेला बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या. तिचा होणारा नवरा केळ्यांची पिशवी घेऊन आला होता. त्याने पिशवीच पुढे केली. ती आधी हसली, मग रडली. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा घामेजलेला हात हातात धरून ठेवला.

"परत खेळायला आलीस ते बरं केलंस, ताई," मी म्हणाले.

"हरले गं."

"हरलीस तरी."

पुढच्या वर्षी मी एम.ए.ला नाव घातलं. सरांनी विचारलं, "सत्तावन्न मोकळं आहे. उतरवतेस का वजन?" मी नको म्हटलं. बासष्टमध्ये माझा जीव रमला होता आणि आईला पुन्हा भात कमी वाढ म्हणायची माझी हिंमत नव्हती. सत्तावन्नला पहिल्या वर्षाची एक मुलगी आली.

ताई आता चिखलोलीला राहते. बदलापूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. वर्गातल्या मुलींना कुस्ती दाखवायची असली की मला बोलावते. "हिला मी घडवलं," असं सांगते आणि पोरींसमोर मला खुशाल पाडते.