सकाळी सुरू न होणारा कॉम्प्युटर

लिहिण्याइतका माझा अनुभव नाही, हे आधीच मान्य करतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि नोकरी म्हणाल तर सावेडीतल्या एका ड्रॉइंग ऑफिसात इंटर्नशिप. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण ही एक गोष्ट मला नीट माहीत आहे.

त्या सकाळी सर म्हणाले, "रोहिणीताईंना सांग, सोमवारी ऑफिसला या. नाहीतर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल."

रोहिणीताई आमच्या सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समन. गावोगावच्या पाणी योजनांचे नकाशे काढतात. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्या भंडारदऱ्याजवळच्या गावी गेल्या होत्या. आईला बघायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून सरांनी त्यांच्यासाठी व्हर्च्युअल डेस्कटॉप घेतला. म्हणजे खरा कॉम्प्युटर दूर एका कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतो, आपल्या लॅपटॉपवर इंटरनेटवरून त्याचा फक्त स्क्रीन दिसतो. जड सॉफ्टवेअर तिकडे चालतं, त्यामुळे जुना लॅपटॉपही पुरतो.

पण रोज सकाळी तो कनेक्टच व्हायचा नाही. मी कंपनीकडे तक्रार टाकायचो. दुपारी उत्तर यायचं, "आता बघा." आणि तो सुरू झालेला असायचा. अर्धा दिवस वाया.

"डोंगरात सकाळी धुकं. रेंज कुठून येणार?" सर म्हणाले.

मला ते पटेना. ताई रोज सकाळी तक्रार सांगायच्या त्याच मुळी व्हिडिओ कॉलवर, आणि चेहरा अगदी स्वच्छ दिसायचा. पण सरांना तोंडावर कसं सांगणार? जिन्यात जाऊन ताईंना कॉल लावला.

"ताई, संध्याकाळी काम संपल्यावर काय काय करता? एकेक सांगा."

"सेव्ह करते. मग स्टार्टमध्ये जाऊन शटडाऊन. ऑफिसात करायचे तस्संच."

"तिकडचा कॉम्प्युटर बंद करता?"

"मग? लोकांची लाईट रात्रभर फुकट जाळू का?"

मागून त्यांच्या आईने विचारलं, "कोन हाय गं? पोरगं जेवलं का न्हाई?"

हसू आलं, पण लगेच लक्षात आलं, चूक माझीच. ताईंना हे सगळं मीच शिकवलं होतं. आत कसं जायचं ते दाखवलं, बाहेर कसं पडायचं ते राहिलंच. तिकडचा कॉम्प्युटर चालूच ठेवून नुसतं डिस्कनेक्ट करायचं असतं. शटडाऊन केला, की आमच्या प्लॅनमध्ये तो कंपनीच्या माणसालाच पुन्हा सुरू करावा लागतो.

मी केबिनमध्ये गेलो. "सर, चूक रेंजची नाही. माझी आहे."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि कंपनीवाले इतके दिवस नुसतं 'आता बघा' म्हणत होते?"

"काय झालं होतं, ते आपण विचारलंच नाही, सर."

"हं. आठवडाभर बघू. पुढचं नंतर."

मी कंपनीला सांगून मेनूमधलं शटडाऊनच काढून टाकलं. त्या आठवड्यात एकही सकाळ बुडाली नाही. मी एवढंच शिकलो, की बिघाड शोधताना मशीन उघडण्याआधी वापरणाऱ्या माणसाशी बोलावं. वेळ वाचतो.

शनिवारी माझा पेपर होता. बाहेर येऊन फोन चालू केला, तर ताईंचा व्हॉइस मेसेज होता.

"अरे, सरांचा फोन आला होता. नेवाशाच्या योजनेचे नकाशे माझ्याकडेच दिलेत. म्हणाले, आई चालायला लागेपर्यंत तिथूनच करा."