ती भ्यायची, ते वरडण्याला

सकाळच्या उन्हात आमी दोघं नवरा-बायको शेंगा फोडत बसलो होतो. म्या कौसाच्या कानाच्या मशीनचा सेल बदलला. सेलवरचं बारकं गोल स्टिकर टाकून देणार, तर तिनं ते टिकली म्हणून कपाळाला लावलं. "बगा, नीट बसली का?" म्या म्हणलं, "बसली." दुपारी झोपली ती उठली न्हाय. दिवस बुडायच्या आत माती झाली.

तिचा आजार मोठा होता, डिमेन्शिया. म्हंजे इसरत जायाचं, आन् ते बरं हुत न्हाय. धाराशिवला डोक्याचा फोटो झाला, रक्त झालं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून कंबर गेली. कान मात्र कुणी बघितले न्हायत.

घरात समदे वरडून बोलायचो. जेवायला बस म्हणलं तरी कोपऱ्यात सरकायची. "का वरडलालाव? मी काय केलं?" बायको आपल्याला भ्यायला लागली की घास उतरत न्हाय.

मग एका डॉक्टरीणबाईनं ऑडिओमेट्री केली. कानाला डबडं लावून आवाज ऐकवत्यात, ऐकू आला की बोट वर करायचं. कौसा बोट वर करायचंच इसरायची. बाई तिच्या तोंडाकडं बघत पुन्हा पुन्हा आवाज देत राहिली. शेवटी म्हणली, "बाबा, यांना निम्मं ऐकूच येत नाही. ऐकलंच नाही ते लक्षात कसं राहील?"

मग कानाचं मशीन आणलं. त्यानं इसरणं थांबलं न्हाय, खोटं कशाला सांगू? कधी मलाच म्हणायची, "पावणं, च्या घ्या." पण हळू बोललं की जवळ बसायची.

मशीन ती उपसून टाकायची. एकदा पिठाच्या डब्यात घावलं. म्हणून सांगतो, तुमच्या घरी आसं कुणी आसंल तर मशीनला दोरा बांधून पदराला पिनेनं अडकवा. आदी थोडा वेळच लावा, घरात गलका नसताना. मशीनची शिट्टी वाजली तर ते कानात नीट बसलं न्हाय समजा. एकानंच बोला, तोंड दिसू द्या. दमायला हुतं, पण करा.

कौसाची माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या घरचा महादू त्याच्या म्हाताऱ्या आईवर वरडत होता, "आगं, किती बार सांगू?" ती भिताडाला चिकटलेली. सुतकात दुसऱ्याच्या दारी जात न्हायत. म्या उठलो, रस्त्यातच उभा राहिलो.

महादूची बायको म्हणली, "आण्णा, सुतकात कशाला आलाव?"

"आत येत न्हाय. म्हातारीचे कान तपासून आणा."

महादू म्हणला, "तिला काय कळतंय आता?"

"भ्या कळतंय की," म्हणलं, आन् माघारी फिरलो.